जर्नलने सहा दिवसांत पेपर परत पाठवला, मग नक्की चुकलं काय?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. नाईल नदीवरच्या इथिओपियाच्या मोठ्या धरणाच्या वाटाघाटींवर तुमचा पीएचडीचा एक चॅप्टर आहे, तो कापूनछाटून पेपर केलात, आंतरराष्ट्रीय संबंधांमधल्या एका नावाजलेल्या जर्नलला पाठवलात आणि रिव्ह्यूअरकडे, म्हणजे पेपर तपासणाऱ्या बाहेरच्या तज्ज्ञांकडे, न जाताच सहा दिवसांत परत आला. पत्रात दोनच वाक्यं, थिअरीतलं योगदान स्पष्ट होत नाही आणि लेख दुसऱ्या जर्नलला जास्त शोभेल. आता तुम्ही तीन गोष्टी विचारताय. इंग्रजी कमी पडलं का, युनिव्हर्सिटीचं नाव मोठं नाही म्हणून असं झालं का, आणि पैसे भरले की पंधरा दिवसांत छापतो म्हणणाऱ्या जर्नलकडे हा पेपर द्यावा का.

मी याच विषयातल्या जर्नलांसाठी चौदा वर्षं रिव्ह्यू करतोय, त्यातली चार वर्षं एका जर्नलच्या एडिटोरियल टीममध्ये होतो, म्हणजे असली दोन वाक्यांची पत्रं मी स्वतः बरीच पाठवलीयत आणि मला आलेलीही आहेत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकतो, नाही, देऊ नका, कारण खाली सांगतो. पहिल्या दोन प्रश्नांत मात्र खरा प्रॉब्लेम नाहीये असं मला वाटतं. पेपरच्या सुरुवातीचा सारांश, म्हणजे तुम्ही इथे टाकलेला अ‍ॅब्स्ट्रॅक्ट बघा. 2011 मध्ये बांधकाम सुरू झालं, 2015 मध्ये खार्तूमला इजिप्त, सुदान आणि इथिओपियाने तत्त्वांच्या घोषणापत्रावर सह्या केल्या, 2020 मध्ये वॉशिंग्टनमधली बोलणी फिसकटली, आणि शेवटचं वाक्य असं की या पेपरमध्ये वाटाघाटींचा सविस्तर आढावा घेऊन सहकार्याची गरज अधोरेखित केली आहे. सगळं बरोबर आहे, पण हे वाचून एडिटरला कळतं की काय काय घडलं, यातून आपल्याला नवीन काय समजलं ते कळत नाही.

आधी एडिटरच्या टेबलावर काय होतं ते सांगतो, म्हणजे सहा दिवसांचा अर्थ लागेल. मी पहिल्या वाचनाला एका पेपरमागे पंधरा-वीस मिनिटं द्यायचो. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट, मग पहिली दोन-तीन पानं, मग एकदम शेवटी जाऊन संदर्भयादी, मग निष्कर्ष, आणि एवढं पटलं तरच मधला भाग. संदर्भयादी इतक्या लवकर का बघायची, तर हा माणूस कोणाशी बोलतोय हे तिथे लगेच दिसतं. तुमच्या यादीत बातम्या, सरकारी निवेदनं, धरणाबद्दलचे रिपोर्ट भरपूर आहेत असं तुम्हीच लिहिलंय, आणि ज्या जर्नलला पाठवलात त्यातले लेख दोन. ते दोनही पहिल्या पानावर एकाच कंसात उल्लेख करून सोडून दिलेले. तिथेच एडिटरचं मत बनतं, की हा पेपर आपल्या वाचकांसाठी लिहिलेला नाही, दुसऱ्या कुठल्यातरी वाचकांसाठी लिहून इथे पाठवलाय.

आणि एडिटर एवढ्या घाईत का असतो तर रिव्ह्यूअर मिळत नाहीत म्हणून. फुकट काम आहे, प्रत्येकाला आपापलं शिकवणं असतं, दोन जणांचा होकार मिळवायला मी कधीकधी सात-आठ जणांना ईमेल केलीयत. म्हणून जो पेपर रिव्ह्यूअर नक्की परत पाठवणार असं दिसतंय तो एडिटर आधीच परत पाठवतो. तुम्हाला अपमान वाटला असेल पण हिशोब करून बघा, तोच नकार सात महिन्यांनी आला असता तर? सहा दिवसांत पेपर मोकळा झाला हे तुमच्या फायद्याचं आहे, हे मी समजूत घालायला म्हणत नाहीये, पीएचडी संपत आलेल्या माणसाचे सात महिने म्हणजे फार मोठी गोष्ट असते.

आता इंग्रजीचं. भाषेमुळे पेपर परत जातो पण तुम्हाला वाटतं तसा नाही. ए, अ‍ॅन, द यांच्या चुका, विचित्र प्रीपोझिशन, हे मी कधीच कारण धरलं नाही आणि माझ्या ओळखीतला कुठलाही बरा एडिटर धरत नाही, ते कॉपी एडिटिंगला दुरुस्त होतं. पण आर्ग्युमेंट काय आहे हे तिसऱ्या पानापर्यंत सापडत नसेल तर मग अडचण, आणि ती चांगल्या इंग्रजीतही तितकीच असते. म्हणून भाषा सुधारून घ्यायला आत्ता पैसे घालवू नका, आधी आर्ग्युमेंट.

युनिव्हर्सिटीच्या नावाचं मात्र मी सरळ नाही म्हणणार नाही. रिव्ह्यूअरला लेखकाचं नाव कळत नाही, लेखकाला रिव्ह्यूअरचं कळत नाही, ही डबल ब्लाइंड पद्धत या विषयातली बहुतेक चांगली जर्नलं पाळतात. पण पहिली चाळण लावणाऱ्या एडिटरला बऱ्याच ठिकाणी नाव आणि संस्था दिसते. मी मुद्दाम आधी फाइल उघडायचो आणि नाव नंतर बघायचो, सगळे तसं करतात अशी खात्री मी कशी देणार. शिवाय या विषयातल्या थिअरीज बहुतेक अमेरिका आणि युरोपच्या अनुभवावर उभ्या आहेत, ही तक्रार आता बाहेरच्यांचीच राहिलेली नाही, अमिताव आचार्य इंटरनॅशनल स्टडीज असोसिएशनचे अध्यक्ष असताना त्यांनी 2014 मध्ये अध्यक्षीय भाषणच ‘ग्लोबल आयआर’, म्हणजे आंतरराष्ट्रीय संबंधांचा (इंटरनॅशनल रिलेशन्स, आयआर) अभ्यास सगळ्या जगाचा व्हावा, या मुद्द्यावर केलं आणि ते असोसिएशनच्या इंटरनॅशनल स्टडीज क्वार्टर्लीमध्ये छापून आलं. त्यामुळे अन्याय होतच नाही असं नाही. पण तुमच्या या पेपरच्या बाबतीत मोठ्या युनिव्हर्सिटीच्या लेटरहेडवर आला असता तरी मी तो परतच पाठवला असता, आणि हे मी अ‍ॅब्स्ट्रॅक्ट वाचून बोलतोय.

मुद्द्याचं आता. आयआरच्या जर्नलला पेपर पाठवायचा तर एका प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता आलं पाहिजे, ही केस कशाची केस आहे? नाईलच्या धरणाची केस हे उत्तर नाही. ज्याला नाईलमध्ये काडीचाही रस नाही, जो कोरियावर किंवा व्यापार करारांवर काम करतो, त्याने हा पेपर का वाचावा हे त्या उत्तरात यायला हवं. तुमच्याच विषयावर करून दाखवतो, कारण तुमच्याकडे सामान फार चांगलं आहे.

1959 च्या इजिप्त-सुदान करारात नाईलचं पाणी दोघांनी वाटून घेतलं, इजिप्तला वर्षाला 55.5 अब्ज घनमीटर, सुदानला 18.5. इथिओपिया त्या करारात नाहीच, आणि नाईलचं बहुतेक पाणी येतं तिथल्या डोंगरातून. इजिप्त लष्करी आणि आर्थिक ताकदीने मोठा, जुने करार त्याच्या बाजूने, अमेरिकेशी जवळीक त्याची. तरीही इथिओपियाने करार न करता बांधकाम सुरू केलं, बोलणी चालू असताना चालू ठेवलं, आणि जुलै 2020 मध्ये करार नसतानाच पहिल्यांदा पाणी अडवलं. आता हे कोडं झालं! ताकदवान देशाच्या मनासारखं होतं असं जी थिअरी म्हणते तिला याचं उत्तर देता येत नाही. तुमच्या पेपरमध्ये ही सगळी माहिती आहे, पण ती पान सात, अकरा आणि सोळावर विखुरलीय असं तुमच्या आराखड्यावरून दिसतं. ती पहिल्या पानावर एकत्र आणा.

मग उत्तर कुठल्या बाजूने द्यायचं ते ठरवा, इथे तीन वेगळे पेपर होऊ शकतात. पहिला, ही वचनाच्या भरवशाची केस आहे. बोलणी सगळ्यात जास्त अडली ती दुष्काळी वर्षांत किती पाणी सोडायचं आणि वाद झाला तर निवाडा बंधनकारक असेल का यावर. धरण भरेपर्यंत इथिओपिया काहीही कबूल करेल, पण एकदा भरलं की त्याला ते वचन पाळायला कोण लावणार ही तेव्हा इजिप्तची भीती, आणि उलट बाजूने, आज पाण्याचा आकडा लिहून दिला तर पुढच्या पिढ्यांचे हात कायमचे बांधले जातील ही इथिओपियाची भीती. याला आयआरमध्ये कमिटमेंट प्रॉब्लेम म्हणतात, जेम्स फिअरनच्या 1995 च्या लेखापासून युद्धांच्या अभ्यासात हा मुद्दा पक्का बसलाय, तो इंटरनॅशनल ऑर्गनायझेशनमध्ये आला होता. नदीच्या बाबतीत बांधकामाचा प्रत्येक टप्पा ताकदीचा तोल हलवतो, सैन्य न हलवता, हे तुम्ही दाखवलंत तर कोरियावाला माणूसही वाचेल.

दुसरा, ही देशातल्या राजकारणाची केस आहे. धरणाचा पैसा इथिओपियाने मुख्यतः देशातूनच उभा केला, बॉंड विकून, नोकरदारांच्या पगारातून वर्गणी घेऊन. ज्या प्रकल्पात सामान्य लोकांचे पैसे आहेत त्यावर टेबलावर माघार घेणं सरकारला किती अवघड जात असेल, आणि नेमक्या त्याच अवघडपणाचा टेबलावर उपयोग कसा झाला असेल, हे रॉबर्ट पटनमच्या 1988 च्या टू-लेव्हल गेम्सच्या, म्हणजे सरकार एकाच वेळी परदेशाशी आणि देशातल्या लोकांशी सौदा करत असतं या, मांडणीशी थेट भिडतं. तिसरा पेपर नियमांचा, वसाहतकाळातले करार विरुद्ध ‘न्याय्य वाटप’ आणि ‘मोठं नुकसान न करणं’ ही दोन तत्त्वं, 1997 च्या संयुक्त राष्ट्रांच्या जलप्रवाह करारात दोन्ही शेजारी शेजारी आहेत आणि वरचा देश एक उचलतो, खालचा दुसरं.

तीनही चांगले आहेत पण एका पेपरमध्ये एकच. पीएचडीवाल्यांची नेहमीची चूक म्हणजे चॅप्टरमध्ये होतं ते सगळं पेपरमध्ये यावं असा हट्ट. थिसिसमध्ये तुम्हाला सिद्ध करायचं असतं की मला या विषयातलं सगळं माहितीय, पेपरमध्ये एकच गोष्ट पटवायची असते. माझ्या स्वतःच्या पहिल्या पेपरला मी थिसिसमधलं इतिहासाचं बावीस पानांचं प्रकरण दोन परिच्छेदांत बसवलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं होतं, चार महिन्यांची आर्काइव्हमधली मेहनत होती ती. पण पेपर लागला तो त्यानंतरच.

मी तुमच्या जागी पहिला निवडला असता. तुमच्याकडे बोलण्यांच्या वेगवेगळ्या फेऱ्यांचे मसुदे आहेत असं तुम्ही लिहिलंय, ते असतील तर कुठल्या महिन्यात बांधकाम कुठवर आलं होतं आणि त्याच महिन्यात मसुद्यातली भाषा कशी बदलली हे शेजारी ठेवून दाखवता येईल, असा पुरावा फार कमी लोकांकडे असतो. पण तुमचा गाइड कशात मुरलेला आहे, तुम्हाला इथिओपियातली अम्हारिक किंवा अरबी येतं का, यावर निवड बदलू शकते. अम्हारिक येत असेल तर दुसरा पेपर कदाचित जास्त मजबूत होईल.

हे ठरलं की जर्नल आपोआप ठरायला लागतं, उलटं करू नका. लोक इम्पॅक्ट फॅक्टरची यादी उघडतात आणि वरून खाली पाठवत सुटतात. इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे जर्नलने आधीच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना या वर्षी सरासरी किती सायटेशन, म्हणजे इतर लेखांतले उल्लेख, मिळाली एवढंच, तुमचा पेपर तिथे बसतो का याबद्दल तो आकडा काहीच सांगत नाही. वचनभंग आणि सौदेबाजीचा पेपर इंटरनॅशनल ऑर्गनायझेशन, जर्नल ऑफ कॉन्फ्लिक्ट रिझोल्यूशन, जर्नल ऑफ पीस रिसर्च अशांच्या वाचकांचा, मात्र शेवटच्या दोघांकडे आकडेवारीवाले पेपर जास्त असतात हे लक्षात ठेवा. देशांतर्गत राजकारणाचा पेपर फॉरेन पॉलिसी अ‍ॅनालिसिसकडे नीट बसेल. नियमांचा पेपर युरोपियन जर्नल ऑफ इंटरनॅशनल रिलेशन्स किंवा रिव्ह्यू ऑफ इंटरनॅशनल स्टडीजकडे. आणि आहे तसाच सविस्तर आढावा ठेवायचा असेल तर तोही लाजिरवाणा नाही, आफ्रिकेच्या अभ्यासाची किंवा पाणी धोरणाची जर्नलं आहेत, तिथे तुमचा तपशील हाच गुण ठरेल. एडिटरने दुसऱ्या जर्नलला शोभेल लिहिलं ते बहुधा याच अर्थाने, ते टाळण्याचं वाक्य समजू नका.

एक गल्लत तुमच्या प्रश्नाखालच्या उत्तरांमध्येही दिसली म्हणून सांगतो, फॉरेन अफेअर्स हे पीअर रिव्ह्यू होणारं, म्हणजे बाहेरच्या तज्ज्ञांकडून लेख तपासून घेणारं, जर्नल नाही. 1922 पासून चालू आहे, वजन प्रचंड आहे, अमेरिकी मुत्सद्दी जॉर्ज केननचा ‘एक्स’ या सहीने आलेला 1947 चा लेख तिथलाच, पण तिथे एडिटर लेख निवडतात आणि वाचक धोरण ठरवणारे लोक असतात. लंडनच्या चॅटम हाउसचं इंटरनॅशनल अफेअर्स, तेही 1922 चंच, नावात साम्य असलं तरी तिथे रिव्ह्यू होतो. नोकरीसाठी पीअर रिव्ह्यूवाला पेपर मोजत असतील तर हा फरक महागात पडतो.

आता पंधरा दिवसवाले. पैसे घेणारं प्रत्येक जर्नल खोटं असं नाही, चांगली जर्नलंही लेख सगळ्यांना फुकट वाचता यावा म्हणून फी घेतात, पण तिथे पेपर स्वीकारण्याचा निर्णय आणि फी यांचा एकमेकांशी संबंध नसतो. वर रिव्ह्यूअर मिळवण्याचं सांगितलं ना, त्यावरून विचार करा, दोन खऱ्या तज्ज्ञांनी पेपर वाचून, तुम्ही सुधारून, परत वाचून पंधरा दिवसांत कसं होईल? एडिटोरियल बोर्डावरच्या एकदोन लोकांना त्यांच्या युनिव्हर्सिटीच्या ईमेलवर विचारा की तुम्ही खरंच या जर्नलवर आहात का, मी दोनदा विचारलं आणि एकदा उत्तर आलं की मला माहितीच नाही माझं नाव तिथे आहे. माझ्याबरोबर काम करणाऱ्या एका मुलीने घाईत असा पेपर दिला, नंतर शंका आली म्हणून मागे घ्यायला गेली तर मागे घेण्याची वेगळी फी मागितली, आणि तिने ती भरली नाही तर तसाच छापून टाकला. एकदा छापला की तोच पेपर चांगल्या जर्नलला देता येत नाही. तिचं ते काम खरंच चांगलं होतं, मला अजून हळहळ वाटते.

इथपर्यंतचं थोडक्यात, कोडं पहिल्या पानावर, एकच थिअरीचा धागा, त्या धाग्यावर बोलणारं जर्नल, आणि त्या जर्नलमधल्या गेल्या पाच-सात वर्षांतल्या लेखांशी खरी चर्चा, म्हणजे ते अमुक म्हणतात, माझ्या केसमध्ये तसं होत नाही, कारण हे. नुसता कंसात उल्लेख नको.

पाठवताना बारीक गोष्टींवर लक्ष द्या. एका वेळी एकच जर्नल, दोन ठिकाणी पाठवलेलं कळलं तर दोन्हीकडून नाव खराब होतं, आणि कळतं, कारण रिव्ह्यूअर तेच ते असतात. शब्दमर्यादा त्या त्या जर्नलच्या पानावर बघा, साधारण आठ ते चौदा हजारांच्या मध्ये असते आणि तळटीपा धरून की सोडून हेही बघा. नाव लपवताना ‘माझ्या आधीच्या लेखात मी दाखवलंय’ अशी वाक्यं काढा, फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये नाव राहतं तेही पुसा. कव्हर लेटर अर्ध्या पानाचं पुरे, कोडं, उत्तर, पुरावा, आणि तुमच्या वाचकांना हे का लागेल. मसुदे आणि इतर कागदपत्रं इतरांना तपासता यावीत अशी ठेवायची अपेक्षा आता वाढलीय, पण तुमच्याकडचे काही मसुदे कोणी विश्वासाने दिलेले असतील तर तो माणूस अडचणीत येणार नाही हे आधी बघा आणि एडिटरला सुरुवातीलाच तसं कळवा.

आणि पुढच्या वेळी रिव्ह्यूला गेला आणि ‘सुधारून परत पाठवा’ असं पत्र आलं तर ते नकारासारखं वाचू नका. लांबलचक असतं, चार-पाच पानं नुसत्या त्रुटी, माझ्या ओळखीतल्या एकाने असं पत्र वाचून पेपर ड्रॉवरमध्ये टाकला तो दोन वर्षं काढलाच नाही. खरं तर पहिल्याच फेरीत जसाच्या तसा स्वीकारलेला पेपर मी चार वर्षांत एकही पाहिला नाही, तेव्हा यापेक्षा चांगलं पत्र पहिल्या फेरीत येतच नाही असं धरा. प्रत्येक मुद्दा उतरवून घ्या, त्याखाली काय बदललं आणि कुठल्या पानावर ते लिहा, जे पटलं नाही तिथे का नाही ते सभ्यपणे लिहा. दोन रिव्ह्यूअर उलटसुलट बोलले, एक म्हणतो आणखी दोन नद्या घ्या आणि दुसरा म्हणतो सुदानही काढा, तर एडिटरचं पत्र परत वाचा, तो कुठल्या बाजूला झुकलाय ते बहुधा एका ओळीत असतं. नसेल तर सरळ ईमेल करून विचारा, आम्हाला असे प्रश्न आवडायचे, त्यावरून लेखक मनापासून काम करतोय हे कळायचं.

तीन-चार आठवडे घ्या, पहिली दोन पानं आणि अ‍ॅब्स्ट्रॅक्ट नव्याने लिहा, बाकीच्या पेपरला तोपर्यंत हात लावू नका. लिहून झालं की अ‍ॅब्स्ट्रॅक्ट इथेच टाका, मी वाचून सांगतो. आणि मसुद्यांच्या तारखा आणि बांधकामाचे टप्पे यांचा तक्ता केलात तर तोही टाका, खरं सांगायचं तर मला तो बघायची फार उत्सुकता आहे.